विश्लेषण : कोलोरॅडोचा त्रिभुज प्रदेश कसा आटला? आल्डो लिओपोल्ड यांनी १९२२ मध्ये तिथे काय पाहिले?

अमेरिकेतील रॉकी पर्वतात उगम पावणारी कोलोरॅडो नदी सुमारे २३०० किलोमीटर वाहते आणि मेक्सिकोतील कॅलिफोर्नियाच्या आखाताला मिळते, असे नकाशा सांगतो. प्रत्यक्षात १९६० च्या दशकापासून बहुतेक वर्षे ती समुद्रापर्यंत पोहोचलेलीच नाही. तिच्या मुखाशी एके काळी सुमारे आठ हजार चौरस किलोमीटरचा पाणथळ त्रिभुज प्रदेश होता. तो जिवंत असताना तिथे भटकलेल्या आणि त्याची तपशीलवार नोंद ठेवलेल्या मोजक्या निसर्ग अभ्यासकांत आल्डो लिओपोल्ड यांचे नाव सर्वांत मोठे. त्यांची ती भटकंती १९२२ च्या शरद ऋतूतली. याच काळात, त्यांच्या घरापासून शंभरेक किलोमीटरवर, या नदीचे पाणी कागदावर वाटून टाकले जात होते.

लिओपोल्ड कोण होते?

आल्डो लिओपोल्ड यांचा जन्म ११ जानेवारी १८८७ रोजी आयोवा राज्यातील बर्लिंग्टन येथे झाला. घर मिसिसिपी नदीच्या काठावरील उंच टेकडीवर होते. उत्तर अमेरिकेतील पाणपक्ष्यांच्या स्थलांतराचा एक मोठा मार्ग याच नदीवरून जातो. त्यामुळे दर वसंतात आणि शरदात बदकांचे, रानहंसांचे थवे घराच्या खिडकीतून दिसत. आई-वडील जर्मन वंशाचे, घरात जर्मन बोलली जाई. वडिलांचा मेजे बनवण्याचा कारखाना होता. ते निष्णात शिकारी होते. मात्र पक्षी घरटी करण्याच्या हंगामाकडे निघालेले असताना त्यांना मारणे बरोबर नाही, असे वाटून त्यांनी वसंतातील शिकार स्वतःहून सोडली. तसा कायदा तेव्हा नव्हता. मुलावर पहिला संस्कार झाला तो हाच.

आल्डो शाळकरी वयातच पक्ष्यांची वही ठेवू लागला. पुढे न्यू जर्सीतील निवासी शाळेत गेल्यावर तो घरी लांबलचक पत्रे लिहीत असे. त्यांत अभ्यासापेक्षा कुठल्या ओढ्याकाठी कोणता पक्षी दिसला, याचाच मजकूर जास्त. पाहायचे आणि त्याच दिवशी लिहून ठेवायचे, ही सवय त्याला आयुष्यभर पुरली. १९२२ च्या प्रवासाबद्दल आज इतके बारकाईने बोलता येते, ते या सवयीमुळेच.

येल विद्यापीठातून वनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन १९०९ मध्ये ते अमेरिकेच्या वनसेवेत रुजू झाले. नेमणूक झाली ॲरिझोनातील अपाची राष्ट्रीय वनात.

लांडगे मारणारा वनाधिकारी...

निसर्गरक्षणाचे आद्य विचारवंत म्हणून आज ओळखले जाणारे लिओपोल्ड तरुणपणी लांडग्यांचे शत्रू होते, हे सांगितल्याशिवाय त्यांचे चरित्र पुरे होत नाही. अपाची वनातील पहिल्याच वर्षी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी डोंगरकड्यावरून खाली दिसलेल्या लांडग्यांवर गोळ्या झाडल्या. जखमी मादीजवळ पोहोचेपर्यंत तिच्या डोळ्यांतली हिरवट चमक विझत चालली होती. या प्रसंगावरचा त्यांचा लेख आज जगभरच्या अभ्यासक्रमांत आहे. पण तो लिहायला त्यांना ३५ वर्षे लागली. मधल्या काळात ते न्यू मेक्सिकोत शिकारी संघटना उभारत होते आणि हरणे वाढावीत म्हणून लांडगे, कुगर यांचा नायनाट करा, असा आग्रह धरत होते. शिकारी प्राणी कमी म्हणजे हरणे जास्त, असा सरळ हिशेब होता.

१९१२ मध्ये सँटा फे शहरातील इस्टेला बर्जेर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी दूरच्या भागात दौऱ्यावर असताना ते वादळात सापडले आणि भिजत, कुडकुडत परतले. मूत्रपिंडांना सूज आली. जीव वाचला, पण पूर्ण बरे व्हायला जवळपास दीड वर्ष गेले. त्यानंतर प्रकृती जपतच त्यांना काम करावे लागले. तरीही काही वर्षांत ते अल्बुकर्कीच्या विभागीय कार्यालयात वरिष्ठ अधिकारी झाले होते.

१९२२ च्या शरदात काय घडले?

एकाच हंगामात तीन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे लिओपोल्ड यांनी वरिष्ठांकडे एक प्रस्ताव दिला. न्यू मेक्सिकोतील हिला नदीच्या उगमाकडील वनप्रदेशात रस्ते, हॉटेले, बंगले काहीही होऊ द्यायचे नाही, तो जसा आहे तसा ठेवायचा. वनखात्याचे काम लाकूड आणि चराई, अशी समजूत असलेल्या काळात हे विचित्रच होते. दोन वर्षांनी, जून १९२४ मध्ये तो मंजूर झाला. राष्ट्रीय वनांतील अशा पद्धतीने राखलेला हा पहिला प्रदेश.

दुसरी गोष्ट सरकारी कामाची नव्हती. धाकटा भाऊ कार्ल याला घेऊन लिओपोल्ड कोलोरॅडोच्या त्रिभुज प्रदेशात गेले. सामान म्हणजे एक कनू, म्हणजे वल्ह्यांची अरुंद होडी, एक तंबू, बंदुका, बिडाचे झाकणाचे भांडे आणि एक कुत्रा.

तिसरी गोष्ट म्हणजे नदीचे वाटप. तिच्याकडे नंतर वळू.

नकाशात एक नदी, जमिनीवर शंभर वाटा...

त्रिभुज प्रदेशात शिरल्यावर भावांच्या पहिल्यांदा लक्षात आले, ते नकाशाचे निरुपयोगीपण. नकाशात नदीची एक ठळक रेघ होती. प्रत्यक्षात नदी सापडत नव्हती, कारण ती सगळीकडे होती. हिरव्या पाण्याच्या असंख्य खाजणांतून, फाट्यांतून ती रेंगाळत समुद्राकडे जात होती. एखादी वाट धरून दोघे जात. ती दाट झुडपांत बंद होई. मग होडी ओढत, ढकलत दुसरे पाणी शोधायचे. जवळच्या जवळ पोहोचायलाही फार लांबचा वळसा पडे. घाई नसल्यामुळे याचे कुणाला दुःख नव्हते.

असे का होते? कोलोरॅडो ही जगातल्या अत्यंत गढूळ नद्यांपैकी एक. ग्रँड कॅनियन कोरताना निघालेला गाळ ती हजारो वर्षे इथे आणून टाकत होती. उन्हाळ्याच्या सुरुवातीला रॉकीतील बर्फ वितळले की पूर येई. गाळाने जुने पात्र भरले की नदी नवे पात्र धरी. जुन्या पात्राची तळी, दलदली, बोरूची बेटे होत. पुराने ओल्या झालेल्या गाळावर कॉटनवुड आणि वाळुंज यांचे बी रुजत असे. काठाच्या थोडे वर मेस्किट. आपल्याकडे सर्वत्र माजलेल्या वेड्या बाभळीचा हा भाऊबंद, पण तिथला मूळचा रहिवासी. या हिरव्या पट्ट्याच्या पलीकडे लगेच सोनोराचे रखरखीत वाळवंट सुरू होई. वाळवंटात वर्षाला जेमतेम काही इंच पाऊस. म्हणजे त्रिभुज प्रदेशातला प्रत्येक पक्षी, प्रत्येक झाड हजार-दोन हजार किलोमीटरवरच्या बर्फावर जगत होते.

पहाटे तंबूबाहेर आले की दूरच्या वाळुंजाच्या झाडावर बगळ्यांची शुभ्र दाटी दिसे. पाणकावळे खाजणात बोईटांच्या जातीच्या मुलेट माशांमागे बुड्या मारत. चिखलाच्या कडेने उचाट्ये आणि तुतवार एका पायावर झोपलेले असत. मलार्ड, विजन, टील अशी बदके होडीची चाहूल लागताच भर्रकन उठत. मेस्किटच्या जाळ्यांतून गॅम्बेल लाव्ह्यांचे थवे पळत. उत्तरेकडून हिवाळ्यासाठी नुकतेच आलेले रानहंस गाळवटांवर उतरत. पाण्यात आडव्या पडलेल्या ओंडक्यावर बॉबकॅट पंजा उगारून माशाची वाट पाहत बसलेले त्यांना दिसले. उथळ पाण्यात रॅकूनची कुटुंबे पाणकिडे टिपत फिरत होती. उंचवट्यावरून कायोटी भावांकडे पाहत बसत.

हरणांचे माग प्रत्येक उतारावर होते. त्या मागांवर दोघे वाकत ते दुसऱ्याच खुणेसाठी. या भागात जॅग्वार होता. तो एकदाही दिसला नाही, त्याचा माग स्पष्टपणे सापडला नाही. पण हरीण झुडपाला वळसा घालताना थबके, आणि कुत्रा रात्री शेकोटीजवळून हलत नसे. तो आहे हे गृहीत धरूनच सगळे रान वागत होते. न दिसलेल्या या जनावराला लिओपोल्ड यांनी आपल्या लेखात जेवढी जागा दिली आहे, तेवढी दिसलेल्यांपैकी फार थोड्यांना मिळाली.

कुत्र्याचे खरे काम मात्र वेगळे होते. समुद्राजवळच्या खाजणांचे पाणी खारट. त्यामुळे प्रत्येक मुक्कामी काठाजवळ खड्डा खणून झिरपणारे पाणी काढावे लागे. काही खड्ड्यांना गोडे पाणी लागे, काहींना खारे. कुठे खणू नये, हे दोघे चुका करत शिकले. शंका असली की कुत्र्याला मागच्या पायांना धरून खड्ड्यात उतरवायचे. तो लपालपा प्यायला, की होडी ओढून काठावर घ्यायची, चूल पेटवायची, तंबू ठोकायचा. त्याने तोंड फिरवले, की पुढे चालायचे.

भीती होती ती भरतीची. आखाताच्या या टोकाला समुद्राची भरती अतिशय मोठी असते. तिचे पाणी नदीच्या प्रवाहाला भिडले की भिंतीसारखी लाट उलटी वर चढत येई. त्याच नोव्हेंबरात ‘टोपोलोबांपो’ नावाचे प्रवासी जहाज या लाटेने नदीच्या मुखात उलटले आणि कित्येक जण बुडाले. लिओपोल्ड बंधूंनी या लाटेबद्दल ऐकले होते, पण तिच्याशी त्यांची गाठ पडली नाही. धरणांनी प्रवाह थांबवल्यावर आणि मुखाशी गाळ साचल्यावर पुढे ही लाटही तिथून नाहीशी झाली.

ही भटकंती पक्षी निरीक्षणाची होती की शिकारीची?

शिकारीचीच. दोघे रोज लाव्ह्या, बदके, रानहंस मारत आणि खात. बिडाच्या भांड्यात भाजलेल्या, मेस्किटच्या शेंगांवर पोसलेल्या पक्ष्यांची चव लिओपोल्ड अनेक वर्षांनीही विसरलेले नव्हते. आजच्या पक्षिमित्रांना हे खटकेल. त्या काळी पाहणारा आणि मारणारा बहुधा एकच असे. मात्र सँडहिल क्रौंचांचा आवाज उंच आकाशातून आला, तेव्हा दोघे भाऊ बंदुका विसरून नुसते वर बघत राहिले. डोळे किलकिले केल्याशिवाय न दिसणाऱ्या उंचीवर क्रौंच वर्तुळे घेत होते. या पक्ष्याने पुढे लिओपोल्ड यांचा पिच्छा सोडला नाही.

त्यांच्या नोंदीत एक मोठी उणीवही आहे. सोळाव्या शतकात, १५४० मध्ये, अलार्कोन हा स्पॅनिश दर्यावर्दी इथे आला होता. त्यानंतर हा प्रदेश जणू विस्मृतीतच होता, असे लिओपोल्ड यांना वाटले. पण अलार्कोनलाही इथे वस्ती भेटली होती. नदीवरच जगणारे कुकापा लोक शतकानुशतके त्रिभुज प्रदेशात मासेमारी करत, पूर ओसरला की ओल्या गाळात मका, भोपळे पेरत. ते काही कुणाला विसरले नव्हते. शिवाय १९२२ पर्यंत वरच्या अंगाला कालवे निघून वीस वर्षे झाली होती. मेक्सिकालीच्या खोऱ्यात अमेरिकी कंपनीच्या मालकीच्या प्रचंड जमिनीवर कापूस पिकत होता. १९०५ मध्ये तर एका कालव्याचे तोंड फुटून सगळी नदीच कॅलिफोर्नियातील सखल भागात शिरली आणि दोन वर्षे वाहत राहिली. आजचा सॉल्टन सी त्यातूनच झाला. म्हणजे लिओपोल्ड यांना अस्पर्श वाटलेल्या प्रदेशाच्या कडा आधीच कुरतडल्या गेल्या होत्या. रिकामे रान शोधणाऱ्या माणसाला तिथली माणसे दिसत नाहीत, ही चूक त्यांच्या पिढीतील जवळपास सर्व निसर्गप्रेमींनी केली.

त्याच वेळी सँटा फे येथे काय ठरले?

नोव्हेंबर १९२२ मध्ये कोलोरॅडोच्या खोऱ्यातील सात अमेरिकी राज्यांचे प्रतिनिधी सँटा फेजवळ वाटाघाटींसाठी जमले होते. सँटा फे म्हणजे लिओपोल्ड यांची सासुरवाडी. अध्यक्षस्थानी तेव्हाचे वाणिज्यमंत्री आणि नंतरचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर होते. २४ नोव्हेंबरला कोलोरॅडो नदी करारावर सह्या झाल्या. वरच्या खोऱ्याला आणि खालच्या खोऱ्याला दरवर्षी प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट पाणी देण्याचे ठरले. आपल्या हिशेबात हे प्रत्येकी सुमारे ३२७ टीएमसी, म्हणजे तीन कोयना धरणांहून जास्त.

या करारात दोन दोष राहिले. पहिला आकड्यांचा. ज्या वर्षांच्या मोजणीवर वाटप झाले, ती वर्षे भरपूर पावसाची होती. त्यामुळे नदीत जेवढे पाणी सरासरीने असते, त्यापेक्षा जास्त पाणी वाटले गेले. ही तूट आज सातही राज्यांना भोवते आहे. दुसरा दोष म्हणजे कोण हिशेबात नव्हते. मेक्सिकोचा उल्लेख पुढे कधी करार झाला तर, एवढाच. मूळ रहिवासी जमातींसाठी एक वाक्य. नदीच्या स्वतःच्या मुखासाठी, तिथल्या पाणथळीसाठी एक थेंबही नव्हता. त्रिभुज प्रदेश बुडवावा, असे कुणी म्हटले नाही. समुद्रापर्यंत गेलेले पाणी म्हणजे वाया गेलेले पाणी, हे सगळ्यांनाच इतके उघड वाटत होते, की त्यावर चर्चाच झाली नाही. पाणी वाया जाते हे वाक्य महाराष्ट्रातही प्रत्येक पावसाळ्यात ऐकू येते.

पुढचे वेगाने घडले. नेव्हाडा-ॲरिझोना सीमेवरील हूवर धरणाचे लोकार्पण १९३५ मध्ये झाले. त्याच्या लेक मीड जलाशयाची क्षमता कोयनेच्या दहापटीहून अधिक. तो भरत असताना खाली पूर यायचे थांबले. १९४४ च्या तहाने मेक्सिकोला वर्षाला सुमारे ६५ टीएमसी पाणी मिळाले. पण १९५० मध्ये सीमेवर बांधलेल्या मोरेलोस बंधाऱ्यातून ते सगळे मेक्सिकालीच्या शेतीकडे वळले. १९६३ मध्ये वरच्या अंगाला ग्लेन कॅनियन धरणात पाणी अडू लागले आणि उरलेसुरले वाहणेही संपले. धरणांत गाळ अडला, पूर थांबले, भूजल खोल गेले. कॉटनवुडचे बी पडत राहिले, पण त्याला ओला गाळ मिळेना. मीठ सहन करणाऱ्या परदेशी टॅमरिस्क झुडपांनी जागा घेतली. पाणथळीचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग गेला.

लिओपोल्ड परत का गेले नाहीत?

त्रिभुज प्रदेशात ते पुन्हा कधीच गेले नाहीत. १९२४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे बदली झाली. चार वर्षांनी त्यांनी वनसेवा सोडली. १९३३ मध्ये वन्यजीव व्यवस्थापनावरचे त्यांचे पाठ्यपुस्तक निघाले आणि विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांच्यासाठी या विषयाचे देशातील पहिले प्राध्यापकपद निर्माण केले. १९३५ मध्ये वाइल्डरनेस सोसायटीच्या संस्थापकांत ते होते.

त्याच वर्षी त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठी एक पडीक शेत विकत घेतले. वाळूची, पिकांनी शोषून टाकलेली जमीन, आणि उभे असलेले बांधकाम म्हणजे एक कोंबड्यांचे खुराडे. त्याची झोपडी झाली. पत्नी आणि पाच मुलांसह प्रत्येक सुटीत तिथे जायचे आणि झाडे लावायची. पहिल्या काही वर्षांत दुष्काळाने बहुतेक रोपे मेली. पुन्हा लावली. पहाटे उठून लिओपोल्ड कॉफीचे भांडे घेऊन बाकावर बसत आणि कोणता पक्षी किती वाजता, किती उजेडात पहिली साद घालतो, हे वहीत टिपत.

आसपासच्या दलदली शेतीसाठी चर खणून कोरड्या करण्यात आल्या होत्या. कोरडी झालेली पीट माती पेटून महिनोन्महिने धुमसत असे. सँडहिल क्रौंचांच्या तिथे अगदी थोड्या जोड्या उरल्या होत्या. १९३७ मध्ये त्यांनी या दलदलींवर लेख लिहिला, तेव्हा क्रौंच म्हणजे केवळ एक पक्षी राहिला नव्हता. दलदल किती जुनी आहे, याची साक्ष त्यांना त्याच्या आवाजात ऐकू येत होती. कोलोरॅडोच्या आकाशातील वर्तुळे या लेखामागे आहेत, असे मानायला जागा आहे.

लांडग्यांबद्दलचे मतही याच काळात पूर्ण उलटले. १९३५ मध्ये त्यांनी जर्मनीतील आखीवरेखीव, हरणांनी खालची झुडपे फस्त केलेली वने पाहिली. पुढच्या वर्षी मेक्सिकोतील सिएरा माद्रे पर्वतात लांडगे, कुगर आणि हरणे एकत्र असलेले धडधाकट रान पाहिले. शिकारी प्राणी हे रानाचे शत्रू नसून रानाचे अवयव आहेत, हे त्यानंतर ते उघडपणे मांडू लागले. त्यासाठी विस्कॉन्सिनमध्ये शिकाऱ्यांचा रोषही पत्करला. त्रिभुज प्रदेशातील न दिसलेला जॅग्वार त्यांच्या लेखनात शिकारीचे बक्षीस म्हणून येत नाही, रानाचा मालक म्हणून येतो. १९२२ ची रोजनिशी आणि त्यावर आधारित लेख यांच्यात दोन दशकांचे अंतर आहे, हे इथे लक्षात ठेवायला हवे. रोजनिशी शिकाऱ्याची आहे. लेख १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला, तो लिहिणारा माणूस वेगळा होता. तोपर्यंत हिरव्या खाजणांच्या जागी खरबुजे पिकू लागल्याचे त्यांच्या कानावर आले होते. आवडलेल्या रानात परत जाऊ नये, ते बिघडलेलेच सापडते, असे त्यांचे मत झाले होते.

मृत्यू आणि पुस्तक...

असे सर्व लेख एकत्र करून त्यांनी पुस्तक तयार केले. ते अनेक वर्षे प्रकाशकांकडून परत येत राहिले. १४ एप्रिल १९४८ रोजी ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ते स्वीकारल्याचा फोन आला. बरोबर एका आठवड्याने, २१ एप्रिलला, शेजारच्या शेतात गवताला लागलेली आग आपल्या पाइनच्या झाडांकडे येऊ नये म्हणून ते विझवायला गेले. तिथेच हृदयविकाराचा झटका आला. ते ६१ वर्षांचे होते.

‘ए सँड काउंटी अल्मनॅक’ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीला खप बेताचा होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वस्त आवृत्ती निघाली आणि लाखो प्रती गेल्या. जमीन, पाणी, झाडे, प्राणी हे माणसाच्या मालकीचे सामान नसून माणूस त्यांच्या समुदायाचा एक सदस्य आहे, हा त्यातील विचार भूमिनीती म्हणून ओळखला जातो. त्रिभुज प्रदेशावरील लेख याच पुस्तकात आहे.

हस्तलिखितावर शेवटचा हात फिरवला तो मुलगा लुना याने. १९५३ मध्ये त्यानेच वडिलांच्या रोजनिशा छापल्या, त्यात १९२२ चा प्रवासही आला. लुना लिओपोल्ड हे स्वतः नदीशास्त्रज्ञ होते. नदी वळणे का घेते, गाळ कसा वाहते, पूर आपले पात्र कसे घडवतो, याचे गणित मांडणाऱ्या अग्रगण्य संशोधकांत ते गणले जातात. नकाशातली नदी आणि जमिनीवरची नदी वेगळी का, या वडिलांना पडलेल्या कोड्याचे उत्तर त्यांच्या ग्रंथांत मिळते.

आज तिथे काय आहे?

एक पाणथळ चुकून तयार झाली. ॲरिझोनातील शेतांतून निचरा होणारे खारट पाणी नदीत जाऊ नये म्हणून १९७७ मध्ये कालव्याने मेक्सिकोतील मिठागरी पट्ट्यात सोडण्यात आले. पाणी नकोसे होते, जागाही नकोशी होती. तिथे पाणकणसाचे हजारो हेक्टरांचे रान उभे राहिले. ही सिएनेगा दे सँटा क्लारा. पाणकोंबडीच्या कुळातील दुर्मीळ युमा रेलची सर्वांत मोठी वस्ती आज इथे आहे. हे पाणी शुद्ध करून परत वापरण्यासाठी युमा येथे बांधलेला निर्मळीकरण प्रकल्प १९९२ मध्ये तयार झाला, पण तो फारसा चाललाच नाही. तो पूर्ण क्षमतेने चालला तर पाणथळ संपेल. १९९३ मध्ये मेक्सिकोने आखाताचा वरचा भाग आणि त्रिभुज प्रदेश मिळून जीवावरण राखीव क्षेत्र जाहीर केले. त्रिभुज प्रदेशात पक्ष्यांच्या साडेतीनशेहून अधिक जातींची नोंद आहे. जॅग्वार मात्र गेला.

२०१२ मध्ये अमेरिका आणि मेक्सिको यांनी १९४४ च्या तहाला जोडून नवा करार केला. त्यानुसार २३ मार्च २०१४ रोजी मोरेलोस बंधाऱ्याची दारे उघडून आठ आठवडे पाणी सोडण्यात आले. एकूण सुमारे १३ कोटी घनमीटर, म्हणजे साडेचार टीएमसीच्या थोडे वर. खडकवासला धरण दोनदा भरून थोडे उरेल इतकेच. सान लुईस रिओ कोलोरॅडो या गावाच्या नावातच नदी आहे. तिथल्या तरुणांनी पात्रात वाहते पाणी जवळजवळ पाहिलेच नव्हते. पाणी आले त्या दिवशी माणसे पात्रात उतरली, लहान मुले त्यात लोळली, काठावर बँड वाजले. बहुतांश पाणी पहिल्या पन्नास-साठ किलोमीटरांतच तहानलेल्या जमिनीत मुरले. पण १५ मे रोजी मोठ्या भरतीच्या वेळी नदीचे पाणी समुद्राच्या पाण्याला भिडले.

एका पुराने त्रिभुज प्रदेश परत येत नाही, हे शास्त्रज्ञांनाही माहीत होते. म्हणून २०१७ च्या पुढील करारात मोठ्या लोंढ्याऐवजी ठरावीक जागी थोडे थोडे पाणी देण्यावर भर आला. लागुना ग्रांदे, मिगेल अलेमान अशा ठिकाणी स्थानिक लोक टॅमरिस्क उपटून कॉटनवुड, वाळुंज आणि मेस्किटची रोपे लावतात. रोपांची मुळे भूजलापर्यंत पोहोचेपर्यंत त्यांना पाणी द्यावे लागते. त्यामुळे कुठे लावायचे, हे ठरवण्याआधी जमिनीत नळ्या घालून पाणी किती खोल आहे आणि किती खारट आहे, हे मोजतात. खारे लागले, की पुढची जागा.